फाळके ‘वारले’ तेव्हा : चाहते, कंपनी आणि कर्जाची वही

मराठी वृत्तपत्रसृष्टीत खोट्या मृत्युवार्तेने खऱ्या माणसाला परत आणल्याचे उदाहरण बहुधा एकच असावे. ‘संदेश’कार अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी काशीत जाऊन बसलेल्या दादासाहेब फाळके यांना पत्र लिहिले आणि पुन्हा चित्रपटाकडे वळण्याची विनंती केली. फाळके यांचे उत्तर आले. चित्रपटधंद्यापुरता मी मेलो आहे आणि पुनर्जन्म घेण्याची माझी इच्छा नाही, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या संपादकाने हे पत्र खणात ठेवून दिले असते. कोल्हटकरांनी ते छापले, आणि वर फाळके वारले अशा अर्थाचा मथळा दिला. मग ‘संदेश’कडे वाचकांची पत्रे येऊ लागली. फाळके यांनी परत यावे, कंपनी पुन्हा उभी करावी, पूर्वीसारखे चित्रपट काढावेत, अशी ती पत्रे होती. कोल्हटकर ती छापत गेले आणि ते अंक काशीला पाठवीत गेले. १९२२ साली फाळके नाशिकला परतले.

ही हकीकत चित्रपटाच्या इतिहासात गोड आख्यायिकेसारखी सांगितली जाते आणि तिथेच सोडून दिली जाते. पण तिच्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. अडचणीत आलेल्या कंपनीला तिचे चाहते वाचवू शकतात का? वाचवू शकत असतील तर नेमके काय वाचवतात?

हा प्रश्न आजच्या तरुणांना अजिबात परका नाही. गंगापूर रोडवरच्या आणि कॉलेज रोडवरच्या महाविद्यालयांत शिकणारी मुले व्हिडिओ गेमच्या कंपन्यांविषयी ज्या तावातावाने बोलतात, ते ऐकले की आम्हांला ‘संदेश’चा तो पत्रव्यवहार आठवतो. अमुक कंपनीने जुना गेम पुन्हा काढावा, तमुक माणसाला परत बोलवावे, हिशेबनिसांचे ऐकू नये. थोडक्यात, कंपनी आमच्या हातात द्या, वर्षभरात ती उभी करून दाखवतो. आमच्या पिढीला घरातल्या टीव्हीला जोडायचा तो डबा ‘टीव्ही गेम’ म्हणूनच ठाऊक होता. त्याच्या ‘कॅसेटी’ भाड्याने मिळत, आणि तो बहुधा कुठल्यातरी जपानी यंत्राची नक्कल असे. त्यामुळे निन्टेन्डो किंवा सेगा या नावांवर जीव टाकावा असे आमचे वय असताना ती नावेच आमच्यापर्यंत पोचली नव्हती. आजची मुले मात्र सेगाचे ‘ड्रीमकास्ट’ हे यंत्र का बुडाले याची चर्चा पानिपताच्या कारणमीमांसेच्या गांभीर्याने करतात. त्यातल्या बहुतेकांचा जन्म ते यंत्र बंद झाल्यानंतरचा आहे.

ड्रीमकास्टची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढे ती उपयोगी पडेल. सेगा या जपानी कंपनीने १९९८च्या नोव्हेंबरात हे यंत्र जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत आणले. यंत्र चांगले होते, त्यावरचे खेळ त्याहून चांगले होते, आणि ज्यांनी ते घेतले ते त्याच्यावर लुब्ध झाले. पण त्याआधीच्या चार-पाच वर्षांत याच कंपनीने एकामागून एक यंत्रे आणि जोडयंत्रे काढून ती अर्ध्यावर सोडून दिली होती. हात पोळलेले गिऱ्हाईक थांबले. सोनीचे नवे प्लेस्टेशन येणार अशी हवा होती, ते २००० साली आले. जानेवारी २००१च्या अखेरीस सेगाने यंत्रनिर्मितीतून बाहेर पडण्याची घोषणा केली. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी आपल्या मालकीचे सुमारे ६९ कोटी ५० लाख डॉलर किमतीचे समभाग कंपनीला देऊन टाकले आणि मार्च २००१मध्ये ते वारले. म्हणजे सेगाला त्या वेळी चाहत्यांनी तारले नाही. तारले ते एका वृद्ध धनिकाच्या दातृत्वाने, आणि तेही यंत्राचा धंदा सोडण्याच्या अटीवर म्हणावे अशा रीतीने.

आता नाशिककडे वळू.

धुंडिराज गोविंद फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. जन्म ३० एप्रिल १८७०. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना मुंबईहून नाशिकला हलवला. कारखाना हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. चित्रपटात काम करणे हलके समजले जाई, म्हणून आपण ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ आहोत असे सांगा, असा सल्ला फाळके आपल्या माणसांना देत. परेश मोकाशी यांच्या २००९च्या चित्रपटाचे नाव तिथूनच आले आहे. नाशिकला या कारखान्याचे रूप नाटक मंडळीच्या बिऱ्हाडासारखे झाले. नट, मदतनीस, आचारी सगळे एका जागी राहत. सरस्वतीबाई फाळके साठ-सत्तर माणसांचे खाणेपिणे पाहत, आणि उरलेल्या वेळात फिल्मला भोके पाडण्यापासून रसायने कालवण्यापर्यंतची कामे करीत. जगात दुसरीकडे या कामांसाठी वेगवेगळी खाती होती.

अशा बिऱ्हाडाचे अर्थशास्त्र समजून घेतल्याखेरीज पुढचे भांडण कळत नाही. मूकपटाचा पैसा तिकीटखिडकीवर रोख येई, पण तो सावकाश येई. प्रती मोजक्या निघत, एका गावचा मुक्काम संपला की त्याच प्रती पुढच्या गावी जात. कच्ची फिल्म परदेशातून यायची आणि तिचे पैसे आधी मोजावे लागायचे. माणसे मात्र कायमची पोसावी लागत, चित्रीकरण चालू असो वा नसो. म्हणजे मागच्या चित्रपटाचे पैसे हाती येण्याआधी पुढच्याचा खर्च सुरू. यात एखादा चित्रपट पडला तर बुडणे आलेच, पण एखादा चालला तरीही श्वास घ्यायला उसंत नसे.

१९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. तिथे त्यांचे कौतुक झाले, तिथेच राहून काम करण्याचे निमंत्रणही मिळाले. ते त्यांनी नाकारले. परत आले तो पहिले महायुद्ध पेटलेले. सावकारांनी हात आखडले, कच्ची फिल्म मिळेना. पुढची दोन-तीन वर्षे म्हणजे चाहत्यांकडे हात पसरण्याचा पहिला अध्याय आहे. फाळके यांनी वर्तमानपत्रांतून आवाहने केली, संस्थानिकांची दारे ठोठावली, खेळ करून मदत मागितली. काळ स्वदेशीचा होता. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने लोकांकडून एकेक पैसा गोळा करून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा केला होता, ते उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. स्वदेशी काच होते तर स्वदेशी चित्रपट का नाही, हा विचार सुचणे स्वाभाविकच होते. आणि फाळके आपल्या धंद्याविषयी बोलताना नेहमी स्वदेशीची भाषा बोलत. १९१७-१८मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर लिहिलेल्या लेखमालेत हा सूर स्पष्ट ऐकू येतो.

तरीही फाळके यांचा पैसा फंड झाला नाही. काचेला पैसा देणाऱ्याला काच दिसत होती, दिव्याची चिमणी घरात येत होती. चित्रपटाला पैसा देणाऱ्याला काय दिसणार? खेळ पाहिला की त्याचे मोल तिकिटात फिटले, अशीच प्रेक्षकाची भावना असते आणि ती चुकीची नाही. लोकमान्य टिळकांनी काही मुंबईकर धनिकांना घेऊन फाळके यांच्यासाठी मर्यादित कंपनी काढण्याची खटपट केली. ती फळाला आली नाही.

त्या काळात कंपनी सावरली ती एका चित्रपटाने. १९१७चा ‘लंकादहन’. साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. या चित्रपटाच्या उत्पन्नाविषयी ज्या कथा सांगतात त्यात मद्रासकडे चिल्लरीची पोती बैलगाडीत भरून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली ही एक आहे. कथेतला मीठमसाला वजा केला तरी गर्दी उरतेच. राम पडद्यावर आला की लोक पायातले जोडे काढून ठेवत, असेही सांगतात. ही गर्दी ध्यानात ठेवायला हवी. जोडे काढणारा हा प्रेक्षक कोल्हटकरांना पत्र लिहिणारा नव्हता. त्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हते. पुढे ‘संदेश’च्या कचेरीत पत्रांचा ढीग पडला तो वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या शहरी वर्गाचा. चित्रपट चालवणारे चाहते आणि चित्रपटाविषयी बोलणारे चाहते असे दोन वर्ग १९१७ सालीच वेगळे झाले होते. ड्रीमकास्टचेही तेच झाले. ज्यांनी कंपनीला सल्ले दिले त्यांनी यंत्र आधीच विकत घेतलेले होते. ज्यांच्या न घेण्याने कंपनी बुडत होती ते काही बोलत नव्हते, ते नुसते थांबले होते.

‘लंकादहन’च्या यशानंतर भागीदार चालून आले. १ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट, माधवजी जयसिंग, गोकुळदास दामोदर असे भागीदार होते, आणि मुंबईच्या कापडधंद्यातला पैसा या कंपनीत आला. फाळके कामकरी भागीदार, आपटे व्यवस्थापक. ‘श्रीकृष्णजन्म’ १९१८मध्ये आणि ‘कालियामर्दन’ १९१९मध्ये प्रदर्शित झाला. दोन्हींत बाळकृष्ण झाली होती फाळके यांची मुलगी मंदाकिनी. दोन्ही चित्रपट चांगले चालले. म्हणजे ही कंपनी तोट्यात म्हणून भांडण झाले असे नाही. पैसा येत असताना झाले.

भांडण खर्चावरून झाले. कापडाच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला तागा किती वाराचा आणि वाराला किती पडला हे कळते. एक दृश्य मनासारखे येईना म्हणून ते पुन्हा घेणे त्याला कळत नाही, आणि कळावे अशी अपेक्षा तरी कशाला करावी? पैसा त्यांचा होता. फाळके यांना आपल्या कारखान्यात दुसऱ्याने हिशेब विचारणे सहन होत नव्हते. ते हट्टी होते, संशयी होते आणि बहुधा व्यवहारात वाईट होते. त्यांच्या चरित्राकडे भक्तिभावाने पाहणाऱ्यांनी भागीदारांना खलनायक करून टाकले आहे. ते आम्हांला पटत नाही. भागीदार नसते तर ‘कालियामर्दन’ झाला असता का? पण फाळके निघून गेल्यावर याच भागीदारांना कळले की आपण विकत घेतली होती ती यंत्रे, कच्ची फिल्म आणि जागा. प्रेक्षक ज्यासाठी येत होता ते त्या यादीत नव्हते. फाळके कुटुंबकबिल्यासह काशीला गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. चित्रपटाचा जनक रुसून नाटककार व्हायला निघाला, यातला विरोधाभास त्या काळच्या मराठी माणसाला फारसा जाणवला नसेल. रुसलेला मराठी माणूस नाटकाकडेच जाणार.

आणि मग कोल्हटकर.

अच्युतराव कोल्हटकर हे खळबळीचे संपादक होते. नागपूरच्या ‘देशसेवक’मधल्या लिखाणापायी तुरुंगवास भोगून आलेले, १९१५ साली ‘संदेश’ काढून मराठी दैनिकाचा चेहरा बदलणारे, ‘वत्सलावहिनींची पत्रे’ छापून घराघरांत पोचलेले. पत्र हा प्रकार किती खपतो हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल? त्यामुळे फाळके यांच्यासाठी पत्रांची मोहीम उघडण्यात कळवळा किती आणि धंदा किती हे वेगळे करता येत नाही, आणि करण्याची गरजही नाही. पोस्टकार्ड १९२२मध्ये दर दुप्पट होईपर्यंत पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला मिळे. पैसा फंडात टाकायचा तोच पैसा. एवढ्या खर्चात आपण दादासाहेबांना परत आणू शकतो ही भावना वाचकाला मिळाली, ‘संदेश’ला मजकूर मिळाला, आणि काशीत बसलेल्या माणसाला, आपण गेलो तर कोणालातरी फरक पडतो, एवढे कळले.

या शेवटच्या गोष्टीचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पत्रांनी माणूस परत आला, हे खरे आहे. वाचकांचे निदानही बरोबर होते. हिंदुस्थान कंपनीचा आजार म्हणजे फाळके यांची अनुपस्थिती, आणि औषध म्हणजे त्यांची उपस्थिती. पण हे निदान वेगळ्या रोगाचे होते असेही म्हणता येईल. फाळके परतले ते मालक म्हणून नव्हे. कंपनीत ते निर्मितिप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून पगारावर आले. ज्या हिशेबाच्या वहीवरून भांडण झाले होते ती वही तशीच होती, भागीदार तेच होते, आणि फाळके यांचा स्वभाव काशीच्या गंगेने धुऊन निघालेला नव्हता. पुढची वर्षे रुसवे, समेट, नवे चित्रपट अशीच गेली. अधूनमधून ते बाहेर पडत. ‘सेतुबंधन’ हा त्यांचा महत्त्वाकांक्षी चित्रपट मायाशंकर भट्ट यांच्या भांडवलावर सुरू झाला, मध्येच पैसे संपले, रखडला आणि १९३२मध्ये कसाबसा पुरा झाला. तोवर ‘आलम आरा’ येऊन गेला होता. १९३२मध्येच ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. ज्या कथेने फाळके यांनी आरंभ केला तीच कथा आता बोलू लागली होती, आणि ती बोलत होती दुसऱ्यांच्या कंपनीत. ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडण्यात आला. हिंदुस्थान कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही.

बोलपट येणार हे ‘संदेश’च्या पत्रलेखकांनी ओळखायला हवे होते असे म्हणणे अन्याय्य होईल. पण १९२०मध्येच कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांची ‘सैरंध्री’ आली होती. तिची दृश्यरचना, तिचा नेपथ्यविचार नाशिकच्या पुढे गेला होता. १९२५मध्ये ‘सावकारी पाश’ने पुराण सोडून खेड्यातल्या कुणब्याकडे कॅमेरा वळवला. नाशिकच्या चाहत्यांचे मागणे मात्र ‘पूर्वीसारखे’ हेच होते. चाहता हा मूलतः आठवणीचा माणूस असतो. त्याने ज्यावर प्रेम केले ते झालेले आहे. जे व्हायचे आहे त्यावर तो प्रेम कसे करील? म्हणून त्याच्या सगळ्या सूचना मागे नेणाऱ्या असतात. त्यातून कलेची जपणूक होते, कधीकधी पुनरुज्जीवनही होते. कंपनी उभी राहायला मात्र अशा गिऱ्हाइकाची गरज असते ज्याला मागचे काहीच आठवत नाही.

मराठीत या बाबतीत दुसरा मोठा दाखला आहे तो गंधर्व नाटक मंडळीचा. १९१३ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्याच वर्षी, बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि ही मंडळी उभी राहिली. ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’, ‘द्रौपदी’ ही तिची वैभवाची वर्षे. वैभव आणि कर्ज हे शब्द या मंडळीत जोडीनेच नांदले. उंची शालू, खरे दागिने, अत्तरे, ‘द्रौपदी’ची मयसभा. पहिले दोन भागीदार बाहेर पडल्यावर बालगंधर्व एकटे मालक राहिले आणि हिशेब कोणी विचारणारा उरला नाही. इथे फाळके यांच्या उलट स्थिती होती. तिथे हिशेब विचारणारे फार, इथे कोणीच नाही. विसाच्या दशकाच्या आरंभी कर्ज लाखाच्या वर गेल्याचे उघड झाले.

आता बालगंधर्वांना चाहत्यांची वाण होती असे कोण म्हणेल? त्यांचे फोटो घराघरांत, त्यांच्या नेसण्याची नक्कल घराघरांत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शबरोबर ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्याचे चढ्या दराच्या तिकिटांचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेले. ज्या मंडळीवर लाखाचे कर्ज होते ती मंडळी दुसऱ्या फंडासाठी गात होती! चाहत्यांनी निधी जमवून कर्ज फेडण्याचा विषय निघाला तेव्हा बालगंधर्वांनी तो मानला नाही, कर्ज आपण नाटके करूनच फेडू असे म्हटले, असे सांगितले जाते. आणि विसाच्या दशकात त्यांनी ते फेडलेही. रसिक मायबापांनी त्यांना तारले ते तिकीट काढून. रात्री पैसे मोजायचे, सकाळपर्यंत गाणे ऐकायचे, हिशेब फिटला. या व्यवहारात कोणाचे कोणावर उपकार नाहीत, आणि कोणी कोणाला कंपनी कशी चालवावी हे सांगत नाही. यात एक प्रकारचा दरबारी ताठा आहे हे खरे, पण व्यवहार म्हणून तो वर्गणीपेक्षा स्वच्छ आहे असे आमचे मत आहे.

अर्थात हा मार्गही १९३४च्या अखेरीस संपला. मंडळी बंद झाली, बालगंधर्व ‘प्रभात’मध्ये गेले आणि ‘धर्मात्मा’त (१९३५) एकनाथ झाले. ज्याला लोकांनी वर्षानुवर्षे रुक्मिणी आणि सिंधू म्हणून पाहिले त्याला पडद्यावर पुरुषवेषात पाहणे चाहत्यांना रुचले नाही, आणि स्वतः बालगंधर्वही तिथे रमले नाहीत. ते पुन्हा रंगभूमीवर आले. चाहते पन्नाशीच्या बालगंधर्वांकडूनही तोच शालू आणि तीच ‘स्वयंवर’ची पदे मागत राहिले, आणि त्यांनीही ती दिली. पुढच्या त्या वर्षांविषयी मराठीत पुष्कळ हळवे लिहिले गेले आहे. ते वाचताना आम्हांला वाटते की या शोकांतिकेत चाहत्यांचा वाटा किती, हे कोणी नीट मांडलेले नाही. माणसाला त्याच्या सर्वोत्तम क्षणात कोंडून ठेवणे हेही प्रेमच असते.

जाता जाता सेगाकडे पुन्हा पाहू. ड्रीमकास्टसाठी यू सुझुकी यांनी ‘शेनम्यू’ नावाचा खेळ १९९९ साली केला होता. एका जपानी गावातला पाऊस, दुकानांच्या वेळा, रस्त्यावरच्या माणसांच्या दिनचर्या, सगळे त्यात बारकाईने रचलेले. त्या काळच्या मानाने त्याचा खर्च अफाट होता. खेळांच्या जगातली ती मयसभाच. दुसरा भाग २००१मध्ये आला आणि कथा अर्धवट राहिली. चौदा वर्षांनी, २०१५मध्ये, सुझुकींनी तिसऱ्या भागासाठी लोकांकडे वर्गणी मागितली आणि सुमारे ६९ हजार चाहत्यांनी मिळून ६३ लाख डॉलर दिले. २०१९मध्ये खेळ आला. तो अगदी जुन्यासारखा होता. काही चाहते त्यामुळेच तृप्त झाले, बाकीच्यांना तो वीस वर्षे मागे राहिलेला वाटला. फाळके यांच्या पैसा फंडाचे स्वप्न इथे खरे झाले, असे म्हणायला हरकत नाही. पण तो खेळ सेगाच्या यंत्रावर आला नाही. सेगाची यंत्रे उरलीच नव्हती. तो आला प्लेस्टेशनवर, म्हणजे ज्याने सेगाला हरवले त्याच्याच घरात.

फाळके यांचा शेवटचा चित्रपट ‘गंगावतरण’ १९३७मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी झाला. त्यांचा हा एकच चित्रपट मुळातून बोलपट म्हणून घडला. त्यानंतर नाशिक. १९३९ साली भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा ज्याच्यामुळे हा महोत्सव साजरा होत होता तो माणूस अडचणीत होता. व्ही. शांताराम यांनी पुढाकार घेऊन चित्रपटव्यवसायातल्या मंडळींना मदतीचे आवाहन केले. जमलेली रक्कम फारशी नव्हती, तेव्हा ‘प्रभात’ने तीत भर घातली आणि नाशिकला त्यांच्यासाठी घर झाले. इथेही चाहत्यांची वर्गणी अपुरी पडली, भर घालणारी एक कंपनी लागली. युद्धाच्या काळात चित्रपट काढायला सरकारी परवाना लागे. फाळके यांनी तोही मागितला होता, तो नाकारल्याचे उत्तर आले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, त्यांचे निधन झाले असे सांगतात. या वेळची वार्ता खरी होती.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेने उभारलेल्या फाळके स्मारकात सहली जातात. तिथे जाणाऱ्यांपैकी ‘कालियामर्दन’ किती जणांनी पाहिला असेल, याचा अंदाज न केलेलाच बरा. पण तो पाहता येतो, ही मोठीच गोष्ट आहे. फाळके यांचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. जे तुकडे उरले ते १९६४मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे, आणि विशेषतः पी. के. नायर या एका माणसाच्या नादामुळे. नायर यांनी फाळके यांच्या कुटुंबीयांकडून रिळांचे तुकडे मिळवले आणि ‘कालियामर्दन’ पुन्हा जुळवला. तेही चाहतेच, फक्त त्यांनी पत्र लिहिले नाही, ते डबे उचलून घेऊन आले. चित्रपटाच्या आरंभीच मंदाकिनीचा चेहरा दिसतो. कॅमेरा तिच्यावर स्थिर आहे आणि सात-आठ वर्षांची ती मुलगी एकामागून एक भाव दाखवते आहे, आपल्यासमोर बसलेल्या कोणाकडे तरी पाहून. त्या बाजूला दादासाहेब उभे असणार.